बुश अडला, म्हणजे बुश खराब?

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेपासून मलकापूर-खामगावपर्यंतचा पट्टा कापसाचा. इथल्या यंत्रांचं वैर धुळीशी आणि तंतूंशी. जिनिंगमध्ये किंवा डाळमिलच्या पाऊच मशीनमध्ये गाइड रॉडवर सरकणारा भाग अडखळला, की सल्ला ठरलेला असतो: त्यातला बुश काढा, एलएम बेअरिंग टाका. गोळ्यांचं ते भारी, साधा बुश म्हणजे जुनाट! हा सल्ला देणारा ज्या लेथवर बुश कातून देतो, त्या साध्या लेथचं कॅरेज मात्र गोळ्यांविना बेडवर घसरतच चालतं.

गोळ्यांवर घर्षण खूपच कमी, हे खरं. पण गोळी शाफ्टला, म्हणजे गाइड रॉडला, ठिपक्याएवढ्या जागी टेकते. म्हणून तिला 60 रॉकवेलच्या आसपास कडक केलेला शाफ्ट लागतो, आणि तिच्या वाटेत रुईचा तंतू शिरला की ती फिरायची थांबते. बुशाचा भार पसरून बसतो, त्यामुळे तो दणके सोसतो. प्लास्टिकच्या बुशाला तर अ‍ॅनोडाइज केलेला अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्टही चालतो.

भरपूर ग्रीस लावलं की काम भागतं, हा आणखी एक समज. गनमेटलच्या बुशाला वंगण हवंच. टेफ्लॉनचं अस्तर असलेला बुश मात्र कोरडाच चालतो. त्यावर ग्रीस थापलं तर धूळ चिकटून शाफ्ट घासणारी पेस्ट तयार होते.

बहुतेक वेळा घोळ मापात असतो. लाकडी ड्रॉवर एका कडेनं ओढला की तिरका होऊन अडकतो, तसंच इथे होतं. दोन बुशांमध्ये 100 मिमी अंतर असेल, तर भाग ढकलणाऱ्या सिलिंडरचा जोर रॉडपासून 200 मिमीच्या आत लागला पाहिजे. सुटतानाचा घर्षणांक 0.25 धरून हे दोनास एकचं प्रमाण निघतं. जोर 250 मिमीवर लागला तर भाग जागेवरच आवळतो. मग प्रेशर वाढवूनही उपयोग नसतो, कारण जोर दुप्पट केला की बुशावरचा दाब दुप्पट होतो आणि घर्षणही. सिलिंडर जवळ आणा, नाहीतर बुश लांब लांब बसवा. दोन रॉड असतील तर एका बाजूचा बुश किंचित हलता ठेवा. दोन्ही घट्ट बसवले, तर रॉडच्या समांतरपणातली बारीकशी चूकही नडते.

सीएनसीचं टेबल मायक्रॉनच्या हिशेबात थांबवायचं असेल, तर खुशाल गोळ्या घ्या. बुशात थोडा प्ले ठेवावाच लागतो, आणि वेग व दाब दोन्ही चढे असले की बुश तापतो.