सायकलीच्या चाकाच्या तारा

सायकल विकत घेणारा मनुष्य रंग पाहतो, घंटी वाजवून पाहतो, सीट दाबून पाहतो. चाकाच्या तारा मात्र तो पाहत नाही. दुकानात ज्यांना स्पोक म्हणतात, त्याच या तारा. गावातल्या गावात फिरणाऱ्याचे यावाचून अडत नाही. परंतु सामान लादून आठ-पंधरा दिवसांच्या प्रवासाला निघणाऱ्याची गाडी पुष्कळदा या तारेपाशीच अडते. पंक्चर रस्त्याच्या कडेला बसून काढता येते. मागच्या चाकाची तार घाटात तुटली, तर रिम वाकते, ब्रेकला घासू लागते, आणि तुटलेल्या तारेचा भार शेजारणींवर पडून त्याही जाण्याच्या वाटेला लागतात. तेव्हा निघण्यापूर्वीच तारांची निवड कशी करावी, याचा विचार आपण येथे करू.

प्रथम चाक उभे कसे राहते, ते पाहिले पाहिजे. बैलगाडीचे चाक आपण सर्वांनी पाहिले आहे. तिथे तुंब्याखालचा लाकडी आरा खांबासारखा उभा राहून भार घेतो. सायकलीची तार जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. तिला खांबासारखे उभे केले, तर ती बोटाच्या दाबानेही वाकेल. मग एवढा भार ती पेलते कशी? याचे उत्तर ताणात आहे. सर्व तारा आधीच जोराने ताणून ठेवलेल्या असतात. ही कल्पना इंग्लंडातील जॉर्ज केली यास १८०८ साली सुचली. १८६९ साली पॅरिस येथे यूजीन मेयर याने सायकलीसाठी तारांच्या चाकाचे पेटंट घेतले, आणि १८७४ साली जेम्स स्टार्ली याने तारा हबला तिरप्या, एकमेकींना छेद देणाऱ्या बसविण्याची रीत काढली. पायडलचा जोर हबकडून रिमपर्यंत नीट पोहोचावा, म्हणून आजही बहुतेक चाके याच रीतीने विणली जातात.

आता भार पडला म्हणजे काय होते? हब वरच्या तारांना टांगलेला आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात वरच्या तारांचा ताण फारसा वाढत नाही. जमिनीलगतच्या तीन-चार तारांचा ताण मात्र कमी होतो, आणि त्या कमी होण्यातूनच भार पेलला जातो. अमेरिकेतील अभियंता जोब्स्ट ब्रांट याने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात हे गणिताने मांडले आहे.

याचा अर्थ असा की, चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा सैलावते व पुन्हा ताणली जाते. चाकाचा घेर दोन मीटरांहून किंचित अधिक धरला, तर एका किलोमीटरला सुमारे पावणेपाचशे फेरे होतात. दहा हजार किलोमीटरांत ते पन्नास लाखांच्या जवळ जातात. आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे मुंबईचे पारशी तरुण १९२३ साली सायकलींवरून जगप्रवासास निघाले व १९२८ साली परतले. सत्तर हजार किलोमीटरांहून अधिक मजल त्यांनी मारली. त्यांच्या चाकांनी तीन कोटींवर फेरे घेतले असले पाहिजेत!

तारेचा तुकडा हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाकवला, तर तो शेवटी मोडतो. एकदा वाकवल्याने मोडत नाही. धातू थकतो. सायकलीची तारही बहुधा अशीच थकून जाते, आणि जाते ती डोक्यालगत, जिथे तिला वाक दिलेला असतो तिथे, क्वचित आट्यांपाशी. एखाद्या खड्ड्याने तार तुटली असे आपण म्हणतो. खड्डा निमित्त असतो. तार कित्येक दिवस झिजतच आलेली असते. कारखान्यांतील अपघातांच्या चौकशीला आम्ही पुष्कळ वेळा बसलो आहो. तिथेही शेवटी हात लावणाऱ्यावर बोट ठेवणे सोपे असते, आणि आधीचे थकणे कागदावर येत नाही.

हे समजले म्हणजे निवड सोपी होते. जाड तार ती बळकट, असा आपला साधा समज. लांबच्या प्रवासाला मात्र दोन्ही टोकांस दोन मिलिमीटर व मधे १.८ मिलिमीटर अशी तार अधिक टिकते. दुकानदार तिला बटेड म्हणतात. मधल्या भागाचा छेद जाड तारेच्या सुमारे ८१ टक्के भरतो. तेवढ्याच ताणाला तो भाग जवळजवळ पाव हिश्शाने अधिक लांबतो. हे लांबणे सारे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे. पण महत्त्व त्याचेच आहे. खड्ड्यात रिम किंचित आत दबली, तरी अधिक लांबलेली तार पूर्ण सैल पडत नाही. पूर्ण सैल पडलेली तार हबच्या भोकात हलते, तिचे निपल फिरते आणि वाकापाशी तिचे मरण जवळ येते. शिवाय लवचीक मधला भाग हिसका आपल्या अंगावर घेतो व वाकाला वाचवतो. सामान फार असेल, तर वाकापाशी २.३, मधे १.८ व आट्यांपाशी २ मिलिमीटर अशीही तार मिळते. ती हबच्या भोकात घट्ट बसते.

धातू स्टेनलेस पोलादाचा असावा. पावसाळ्यात व समुद्रकाठी तो गंजास पुरून उरतो. आटे कापलेले नसून दाबून काढलेले असावेत. निपल पितळेचे घ्यावे. ॲल्युमिनियमचे हलके खरे, पण झिजते व कोपरे लवकर गोल होतात. चपट्या तारा शर्यतवाल्यांना लखलाभ असोत.

संख्येचा प्रश्नही आहेच. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ व मागे ४० तारा असत. मागे भार अधिक, म्हणून तारा अधिक, हा त्यातला शहाणपणा. प्रवासी सायकलीला मागे निदान ३६ हव्यात. मागच्या चाकात आणखी एक पेच असतो. उजवीकडे दातेरी चक्रांना जागा द्यावी लागते. त्यामुळे उजव्या तारा फार ताणलेल्या व डाव्या सैल राहतात. उजवीकडे वाकापाशी जाड तार आणि डावीकडे मधे बारीक तार घातली, तर दोन्ही बाजू आपापले काम नीट करतात. सर्वांना एकच माप म्हणजे न्याय नव्हे. ज्याच्यावर जसा भार, तशी त्याची सोय.

उत्तम तारा घेऊन विणकाम घाईचे झाले, तर पैसे वाया गेले असे समजावे. तंबोरा लावणारा जशी तार छेडून पाहतो, तसा चांगला कारागीर एका बाजूच्या तारा छेडून त्यांचा आवाज एकसारखा येतो का, ते ऐकतो. मग शेजारच्या जोड्या मुठीत धरून जोराने दाबतो, म्हणजे वाकांतील आडमुठा ताण मोडतो व तारा आपल्या जागी बसतात. नंतर पुन्हा आऊट काढतो. या कामाला दोन-तीन तास लागतात. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. सबंध चाकात सर्वांत स्वस्त पडलेली वस्तू ती मजुरीच होय.

निघताना पुढची, मागची डावी व मागची उजवी, अशा तिन्ही मापांच्या दोन-दोन तारा फ्रेमला पट्टीने बांधून घ्याव्यात. सोबत निपलची चावी असावी. रोज संध्याकाळी गाडी उलटी करून तारांवरून हात फिरवावा. एखादी सैल लागली, तर त्याच दिवशी आवळावी. एका चाकातल्या तीन-चार तारा मात्र थोड्या दिवसांत पाठोपाठ तुटल्या, तर एकेक बदलत बसण्यात अर्थ नाही. उरलेल्याही तितक्याच थकलेल्या आहेत असे समजावे आणि सर्व तारा नव्या घालून चाक पुन्हा विणून घ्यावे.