टिकलीची जात

टिकल्यांचें जुनें वस्त्र पाण्यांत घालण्यापूर्वी टिकलीची जात ओळखावी. पूर्वी कारागीर धातूची तार सळईवर गुंडाळून तिचीं वेटोळीं कापीत व एकेक वेटोळें हातोडीनें चपटें करीत; म्हणून अशा टिकलीस मधल्या छिद्रापासून कांठापर्यंत बारीक चीर दिसते. ही टिकली काळवंडेल, परंतु विरघळणार नाहीं. १९२० ते १९४० च्या दरम्यान पाश्चात्य पोशाखांवर जिलेटिनच्या टिकल्या आल्या. देखण्या आणि हलक्या. पण जिलेटिन म्हणजे हाडाकातड्यांपासून काढलेला सरसच! कोमट पाण्यांत त्या विरतात, घामानेंहि मऊ पडून चिकटतात. अशीं वस्त्रें धुवूं नयेत. मऊ कुंचल्यानें कोरडींच हळूवार झाडावीं. हल्लींच्या बहुतेक टिकल्या प्लास्टिकच्या. त्यांना पाण्याचें भय नाहीं, इस्त्रीचें मात्र आहे. आणि गळून मातींत पडल्या तरी त्या कुजत नाहींत.