जुळी पाती

समई एकटी असली तरी उजेड देतेच. पण देवघरात ती दोन्ही बाजूंना हवी, असा आपला आग्रह असतो. पाटल्या, तोडे, वाळे यांचेही तसेच. वाटणीच्या वेळी भांडीकुंडी निमूटपणे वाटली जातात आणि नेमके जोडीच्या वस्तूपाशी येऊन सगळे थबकतात. जोडी फोडावी की न फोडावी? हा जुना घरगुती प्रश्न माझ्यापुढे अलीकडे एका अगदी परक्या वस्तूने उभा केला. मजजवळ बोवी जातीच्या दोन सुऱ्यांची हातघडणीची जोडी आहे. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते.

बोवी सुरा मूळचा अमेरिकेचा. मोठे एकधारी पाते, टोकाकडे पाठीचा भाग किंचित कोरून काढलेला, आणि मुठीला आडवी परज, असे त्याचे आजचे रूप. त्याला नाव मिळाले ते जेम्स बोवी या साहसी गृहस्थामुळे; टेक्सासकडचे लोक ‘बूई’ असा उच्चार करतात. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीच्या वाळवंटात, नॅचेझ गावाजवळ, दोघा जणांचे पिस्तुलांचे द्वंद्व ठरले होते. दोघांनी दोन-दोन गोळ्या झाडल्या, त्या सगळ्या चुकल्या, आणि दोघांनी हात मिळवून प्रकरण मिटवले. मौज अशी की खरी मारामारी जुंपली ती त्यानंतर, त्यांच्या साथीदारांत! तीत बोवीला गोळ्याही लागल्या आणि वारही. तरी त्याने आपल्या मोठ्या सुऱ्याने नॉरिस राइट या प्रतिपक्ष्याला ठार केले. वर्तमानपत्रांनी ती हकीकत देशभर नेली. पुढे ६ मार्च १८३६ रोजी आलामोच्या वेढ्यात, अंथरुणाला खिळलेला असताना, बोवी मारला गेला, आणि सुऱ्याची दंतकथा झाली. अलाबामा राज्याने १८३७ साली अशा सुऱ्यांच्या विक्रीवर १०० डॉलर कर बसवला, तर टेनेसीने १८३८ साली विक्रीच बंद केली. इंग्लंडातील शेफील्डच्या कारखानदारांनी मात्र असे सुरे अमेरिकेत पाठवून चांगला व्यापार केला.

या सगळ्या गलबल्यात एक गोष्ट मागे पडली. जेम्सचा वडील भाऊ रेझिन याने १८३८ साली वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवले की, पहिला सुरा त्याचा स्वतःचा, आणि तो शिकारीसाठी केलेला होता. पाते सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, सरळ आणि एकधारी. जेम्सच्या जिवाला धोका आहे असे दिसल्यावर आपण तो त्याला दिला, एवढेच त्याचे म्हणणे. म्हणजे या रक्तरंजित कीर्तीच्या मुळाशी एका भावाने दुसऱ्याला काळजीपोटी दिलेली वस्तू आहे.

माझ्या घरी हे सुरे आले तेही भावामुळेच. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त बरीच वर्षे अर्कान्सास राज्यात होता. त्या राज्यात वॉशिंग्टन नावाचे एक लहानसे जुने गाव आहे. तेथील जेम्स ब्लॅक या लोहाराने बोवीचा सुरा घडवला, अशी आख्यायिका आहे. १९७६ साली अमेरिकेत पाती घडवणाऱ्या लोहारांची एक संस्था निघाली, आणि तिची शाळा पुढे याच गावी उघडली. या संस्थेची परीक्षा ऐकण्यासारखी आहे. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या सुऱ्याने एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडायचा. त्याच धारेने लाकडाची जाड फळी दोनदा तोडायची. मग तीच धार हातावरची लव भादरते हे दाखवायचे. आणि शेवटी पाते लोखंडी पकडीत धरून काटकोनात वाकवायचे. पाते मोडले की उमेदवार नापास!

अशा परीक्षेतून गेलेल्या एका लोहाराकडे भावाने २००४ साली जोडी सांगितली. एक स्वतःला, एक मला. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा सुरा, घरकामाचा किंवा शेतीचा नसेल तर, आपल्याकडच्या नियमांत हत्यार ठरतो. ते त्याने आधीच पाहून ठेवले होते. फोनवर म्हणाला, “दादा, पाती साडेआठ इंचांचीच करायला सांगितली आहेत. तुझ्यामागे उगाच लचांड नको.”

एक सुरा घडवणे निराळे आणि त्याच्या जोडीचा दुसरा घडवणे निराळे. पहिल्याच्या वेळी लोहार मोकळा असतो. घण किंचित तिरपा पडला तर त्या वळणालाच तो शोभा आणतो. दुसऱ्याच्या वेळी ती मुभा संपते. म्हणून आमचा लोहार दोन्ही पाती बरोबरीने पुढे नेत असे. एक भट्टीत तर एक ऐरणीवर. साधे कर्बयुक्त पोलाद आणि निकेल मिसळलेले पोलाद यांच्या पट्ट्या त्याने एकावर एक रचल्या, तापवून घणाखाली एकजीव केल्या, ठोकून लांबवल्या, तोडून पुन्हा रचल्या. असे करता करता तीनशेच्या वर थर झाले. मुठींसाठी अक्रोडाची एकच फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडली. त्यामुळे एका मुठीवरच्या रेषा दुसरीवर आरशात पाहिल्यासारख्या दिसतात. खरी धास्ती पाणी देण्याच्या वेळची, म्हणजे लाल झालेले पाते तेलात बुडवण्याची. त्या क्षणी पाते वाकते किंवा तडकते, आणि जोडीतले एक गेले की दुसरे निर्दोष असूनही पोरके होते. म्हणून त्याने तीन पाती घडवायला घेतली होती. एकाला तेलात तडा गेला. उरली ती आमची.

शेवटी तेजाबात बुडवल्यावर साधे पोलाद काळवंडले, निकेलचे पांढरे राहिले, आणि पात्यावर लाटांची नक्षी उमटली. ती पाहून घरी येणारा प्रत्येक जण ‘दमास्कस!’ म्हणतो. अमेरिकेतले लोहारही हेच नाव देतात. १९७३ साली विल्यम मोरान या लोहाराने असे सुरे प्रदर्शनात मांडले आणि ही विद्या तिकडे नव्याने रुजली. पण ज्या पोलादाचे हे नाव उसने घेतले, ते थरांचे नव्हे, मुशीत तयार होणारे. आणि त्याचे एक माहेर आपल्या हैदराबादेच्या दाराशीच आहे. निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमचे पोलाद नेण्यासाठी इराणचे व्यापारी येत. तेथील भट्ट्यांचे हेन्री व्हॉयझीने लिहिलेले वर्णन १८३२ साली प्रसिद्ध झाले. कानडी ‘उक्कु’चा साहेबी अवतार ‘वूट्झ’. फॅराडेसारख्या शास्त्रज्ञाने १८१९ साली त्याचे पृथक्करण केले होते. परदेशातून आलेल्या वस्तूने आपल्याच अंगणातली गोष्ट आठवून द्यावी, याचे मला अजून कौतुक वाटते.

जोडी अर्थातच फुटली. ती फुटण्यासाठीच घडवलेली होती. माझा सुरा तेल लावून, मऊ कापडात गुंडाळून कपाटात राहिला. घरी चांगली वस्तू आली की ती जपून ठेवायची, हा आपल्या घरांचा शिरस्ताच. भाऊ निराळ्या वळणाचा. त्याने सुरा कमरेला लावून डोंगर पालथे घातले, चुलाण्यासाठी ढलप्या काढल्या, मासे साफ केले, दर शनिवारी दगडावर धार काढली. २०१९ साली तो गेला, आणि तीन वर्षांनी माझी पुतणी त्याचा सुरा घेऊन येथे आली.

त्या दिवशी दोन्ही पाती मी प्रथमच शेजारी ठेवून पाहिली. जुळी म्हणून जन्मलेली ती भावंडे आता ओळखू येईनात. माझे कालच भट्टीतून आल्यासारखे लखलखीत. त्याचे निळसर काळे पडलेले, लाटा पुसट झालेल्या, मूठ हाताच्या घामाने तुळतुळीत. शिवाय धारेच्या बाजूने ते चांगले सुतभर अरुंद झाले होते.

जुन्या हत्यारांची पारख असलेल्या एका स्नेह्यांनी सल्ला दिला की, त्याचे पाते घासूनपुसून पुन्हा तेजाबातून काढावे, म्हणजे जोडी जुळेल आणि किंमतही टिकेल. मी दोन्ही सुरे एका वृद्ध शिकलगाराला दाखवले. त्याने पात्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “साहेब, झिजलेलं वाढवता येत नाही. चमक सारखी करून देतो. पण माप जुळवायचं तर हे दुसरंही झिजवावं लागेल.”

त्याचे बोलणे त्याच्या धंद्यापुरते होते, पण माझ्या मनातून जाईना. सालारजंग संग्रहालयात जहांगीरची म्हणून एक कट्यार आणि नूरजहाँची म्हणून फळे कापायची सुरी ठेवलेली आहे. एक कमरेची, एक ताटाजवळची. तरी पाहणाऱ्याच्या मनात त्यांची जोडीच होते. आपली घराणी तरी काय? एक शाखा देशावर राहिली, एक येथे आली. बोलीत फरक पडला, स्वयंपाकात चिंच वाढली, पण लग्नाकार्यात एकमेकांना ओळखायला कोणाला वेळ लागत नाही. साम्य राखण्यासाठी येथे आलेल्यांनी कपाटात बसून राहायला हवे होते, असे कोणी म्हणत नाही.

भावाच्या पात्याला मी कानस लावू दिली नाही. त्या सुतभर झिजेत त्याची पंधरा वर्षे आहेत. ती घासून काढणारा मी कोण? पुतणी आणि माझा मुलगा यांच्याशी बोलून पुढचेही ठरवले आहे. माझ्यामागे त्याचा सुरा येथे, माझ्या मुलाकडे राहील, आणि माझा पुतणीकडे अर्कान्सासला जाईल. पात्यांची अदलाबदल झाली, की दोन्ही पातींत दुसऱ्या पातीचे काही तरी नांदेल.

मधल्या काळात शिकलगाराचे म्हणणे मी आपल्या परीने ऐकतो आहे. माझा सुरा कपाटातून निघाला आहे. परसातल्या कडुनिंबाच्या वाळक्या फांद्या तो तोडतो, नारळाच्या शेंड्या काढतो, आणि दर शनिवारी दगडावर बसतो. गेल्या महिन्यात त्याने लिंबे चिरली. पाते लगेच पुसले नाही, त्यामुळे त्यावर रुपयाएवढा काळा डाग पडला. घरातल्यांनी हळहळ केली. मी भावाचा सुरा काढून शेजारी धरला. त्याच्यावर तसे निदान वीस डाग आहेत.