तळलेले कामांबेर आणि लिंगनबेरीचा मुरंबा

जर्मनी व ऑस्ट्रिया येथील साध्या खानावळींतून जेवणाच्या आरंभी, कित्येकदा तर जेवणाऐवजीच, जे तळलेले चीज समोर येते, ते कामांबेर मूळचे फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातले. गाईच्या दुधाची, सुमारे 250 ग्रॅम वजनाची, पांढऱ्या बुरशीची मखमली साल ल्यालेली ती चकती. तिचे त्रिकोणी काप मैदा, फेटलेले अंडे आणि पावाचा चुरा यांत क्रमाने घोळवतात. आणि अंड्याचा व चुऱ्याचा थर दुसऱ्यांदा चढविण्यात मुळीच कुचराई करू नये, कारण आतील चीज वितळू लागले की आवरणातल्या केसाएवढ्या फटीतूनही ते तेलात उतरते. याच कारणास्तव काप तळण्यापूर्वी चांगले थंड करण्याचा दस्तूर आहे. तेल 170 ते 180 अंश सेल्सियसपर्यंत तापले असता दोन-तीन मिनिटांत बदामी रंग येतो. कोपऱ्याशी पांढरा थेंब डोकावला, की झारा घालण्यास क्षणाचाही विलंब नको.

सोबत लिंगनबेरीचा मुरंबा हवाच. करवंदाहून लहान असे हे तांबडे फळ उत्तरेकडील सूचिपर्णी अरण्यांत आपसूक वाढते, आणि त्यात निसर्गतःच बेंझॉइक आम्ल असल्यामुळे ते दीर्घकाळ टिकते. सुरीखाली कवच कुरकुरून फुटावे, चीज संथपणे ताटलीत पसरावे, आणि त्या स्निग्धतेस या फळाच्या तुरट-आंबट गोडीने उतार द्यावा, हे सामर्थ्य नुसत्या गोड जाममध्ये नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. डेन्मार्कमध्ये मात्र हा मान काळ्या करंटच्या मुरंब्याकडे जातो.