रस खाली लागतो तेव्हा

वैशाख सरत आला, पश्चिमेच्या वाऱ्याला पावसाचा वास येऊ लागला आणि अढीतला उरलासुरला हापूस एकदमच पिकून गेला, की गुहागरच्या वाड्यांतून मागीलदारी रस आटवण्याची मोठमोठी पातेली चढतात. आणि त्याच सुमारास रस खाली लागला, रस कळकला, दिवसभर जाळ घालूनही आटेना, अशा तक्रारींना घरोघर ऊत येतो. त्याचे खापर बहुधा आंब्याच्या, नाही तर ढवळणाऱ्या सुनेच्या माथी फुटते. वस्तुतः कसूर पुष्कळदा भांड्याची किंवा जाळाची असते, आणि शांतपणे तपास केल्यास ती सापडतेही.

न आटण्याचा मामला सर्वांत सोपा. हापूसच्या रसात सुमारे चार-पंचमांश पाणीच असते, आणि एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून उकळीला आणण्यास ७० कॅलरी उष्णता पुरत असली, तरी त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास ५४० कॅलरी लागतात. तेव्हा उकळी फुटली म्हणजे काम संपत आले, हा समज साफ चुकीचा असून खरे सरपण त्यापुढेच खर्ची पडते. अरुंद तोंडाचे पातेले किंवा वर ठेवलेले झाकण हे येथे शत्रुवत. पसरट भांडे घ्यावे. पडवीत शेगडी मांडली असेल, तर दुपारी समुद्रावरून सुटणारा वारा ज्योत भांड्याखालून पळवतो, त्यास आडोसा करावा. ज्योत पिवळी पडून बुडाला काजळी धरत असेल, तर सांडलेल्या रसाने वा खाऱ्या हवेच्या गंजाने बर्नरची भोके बुजली आहेत असे समजून, शेगडी थंड झाल्यावर ती टाचणीने मोकळी करावीत.

खाली लागण्याचे प्रकरण मात्र अधिक गहन आहे. रस पातळ असतो तोवर तळाशी तापलेला भाग आपोआप वर येतो आणि वरचा थंड भाग खाली जातो. परंतु तो दाट होत गेला की हे अभिसरण मंदावते, उष्णता तळाशीच कोंडते, आणि वाफेचे बुडबुडे रस फोडून ठिणग्यांसारखे हातावर उडू लागतात. रस उडू लागला की जाळ ओढून घ्यावा, ही त्याची सूचनाच असते. पातळ बुडाचे स्टीलचे पातेले या कामी सर्वांत वाईट, कारण स्टीलमधून उष्णता तांब्याच्या मानाने फारच सावकाश पसरते आणि ज्योतीच्या नेमक्या वर करपलेले वर्तुळ उमटते. दुसरे भांडे नसल्यास खाली जाड लोखंडी तवा ठेवावा. साखर घातल्यावर ती विरघळेपर्यंत हात थांबवू नये, कारण न विरघळलेले दाणे तळाशी बसून आधी जळतात. लाकडी चाटू तळावरून गुळगुळीत सरकत असताना एके ठिकाणी खरखरला, की रस धरू लागला. अशा वेळी तळ खरवडण्याचा मोह आवरून वरचा रस ताबडतोब दुसऱ्या भांड्यात ओतावा, कारण खरवडलेल्या खरपुडीचा वास सगळ्या रसाला लागतो व तो कशानेही जात नाही.

विलायतेत घरच्या घरी बिअर करणारे हौशी लोक मोड आणलेल्या जवाचा गोड काढा तासभर उकळतात, तेव्हा त्यांनाही हीच पीडा भोगावी लागते. शिवाय पहिल्या उकळीला प्रथिनांचा फेस उसळून काढा उतू जातो, म्हणून शहाणे लोक भांडे काठोकाठ भरत नाहीत. आपल्याकडे परवान्यावाचून हा उद्योग करणे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये गुन्हा असल्याने, हे शास्त्र आमरसावरच शिकलेले बरे.

राहिला कळकण्याचा प्रश्न. आंब्यातील आम्ल उघड्या तांब्यापितळेशी संयोग पावते, त्याने रसाची चव बिघडते आणि तो प्रकृतीलाही अपायकारक ठरतो. कल्हई हाच त्यावरील पडदा. परंतु कल्हईचे कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून रिकामे भांडे जाळावर तापत ठेवणे म्हणजे ती स्वहस्ते उतरवणे होय. आत लालसर वा पिवळा धातू डोकावताना दिसला, तर त्या भांड्यात रस घालू नये. आंबे पाडाला येण्यापूर्वीच ते भांडे कल्हईवाल्याच्या स्वाधीन करावे.