परमुलखात भाषा कशी जपतात? इटालियनांचा धडा

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या आपल्या कुटुंबांना इटालियन लोकांचा एक उपक्रम जवळचा वाटेल. इटलीतून परदेशी गेलेल्यांच्या नातवंडांची भाषाही हळूहळू सुटत जाते. म्हणून इटलीचे परराष्ट्र मंत्रालय आणि फ्लॉरेन्सची ‘आकादेमिया देल्ला क्रुस्का’ ही जुनी भाषासंस्था यांनी २००१ मध्ये ‘जागतिक इटालियन भाषा सप्ताह’ सुरू केला. तो दरवर्षी ऑक्टोबरमध्ये अनेक देशांत होतो.

वर्षाला एकच विषय ठरतो आणि त्याभोवती व्याख्याने, वाचन, चित्रपट गुंफले जातात. २०२१ मध्ये विषय होता दान्ते. त्याच्या निधनाला ७०० वर्षे झाली होती. त्याने आपले महाकाव्य लॅटिन सोडून लोकभाषेत लिहिले. त्याच काळात आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी गीतार्थ मराठीत आणला.

साहित्यापेक्षा सिनेमा लवकर पोहोचतो, कारण खाली उपशीर्षके असली की शेजाऱ्यालाही कळतो. १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ दाखवला गेला. पुढच्याच वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’वर त्या शैलीची छाप दिसते.

आपल्यासाठी यातली घेण्याजोगी गोष्ट एकच: कार्यक्रम फक्त आपल्यापुरता ठेवू नये. मराठी चित्रपटाला कन्नड, गुजराती, तेलुगू भाषक मित्रांना बोलवावे. शेजाऱ्यांनी दाद दिली की घरातली मुलेही त्या भाषेकडे नव्याने पाहतात.