दर्या, दऱ्या आणि संगणक

'शनिवार' हा शब्द कोशांत अगोदर यावा कीं 'शनिवारवाडा', असें शनिवार पेठेंतील रमणबाग शाळेच्या एखाद्या मुलास विचारिलें, तर तो प्रश्नाचेंच नवल करील. संगणकास मात्र एवढीही गोष्ट कोणीतरी शिकवावी लागते. आणि शिकविणारा चुकला, तर ग्रंथालयाच्या सूचींत असलेलें पुस्तक सांपडत नाहीं, यादींतील नांव असून नसल्यासारखें होतें.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'सी' या संगणकभाषेंत शब्द म्हणजे ओळीनें मांडलेले लहान आंकडे. प्रत्येक आंकडा एका बाइटांत, ० ते २५५ यांमधील. आणि शब्द संपला हें कळावें म्हणून अखेरीस शून्य. तुलनेचें तयार फंक्शन 'स्ट्रकंप' हें दोन्ही शब्दांचे बाइट जोडीजोडीनें पाहत जातें व पहिली विजोड जोडी भेटतांच थांबतें. पहिला शब्द अगोदरचा असल्यास उत्तर ऋण, नंतरचा असल्यास धन, भेदच न आढळल्यास शून्य. 'शनिवार' जेथें संपतो तेथें शून्य असतें, 'शनिवारवाडा' या शब्दांत तेथें 'वा'चा आरंभ. शून्य लहान, म्हणून 'शनिवार' अगोदर.

येथें एक बारीक खोंच आहे. प्रचलित युटीएफ-८ पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात व त्यांतील पहिला २२४ असतो. पुष्कळ यंत्रांवर बाइट ठेवण्याचा साधा प्रकार धन-ऋण चिन्हासहित असल्यामुळें २२४ चें वाचन उणें ३२ असें होतें. उणें ३२ शून्याहून लहान, म्हणजे वाडा पेठेच्याही अगोदर! यासाठींच भाषेच्या १९८९ च्या प्रमाणग्रंथानें हे बाइट चिन्हरहित समजून ताडावे असा दंडक घातला. घरचें फंक्शन लिहूं पाहणाऱ्यानेंही तो पाळावा.

तथापि एवढ्यानें मराठीचें भागत नाहीं. युनिकोडनें देवनागरीचा क्रम १९८८ च्या 'इस्की' या भारतीय संकेतावरून घेतला. त्यांत 'ळ' हा 'ल'च्या शेजारीं बसतो. त्यामुळें 'स्ट्रकंप' 'कळस' हा शब्द 'कवच'च्या आधीं लावतें. मराठी वर्णमालेंत 'ळ'चें स्थान 'ह'च्या नंतर. 'क्ष' तर यंत्रास एक अक्षर वाटतच नाहीं. क, हलन्तचिन्ह आणि ष अशीं तीं तीन चिन्हें. न्यू इंग्लिश स्कूलच्या आरंभींच्या शिक्षकांपैकीं वामन शिवराम आपटे यांच्या १८९० च्या संस्कृत-इंग्रजी कोशांतही 'क्षमा' 'क'मध्यें सांपडते. मुलांच्या तक्त्यावर मात्र 'क्ष' शेवटीं शेवटीं येतो. यांतील कोणता क्रम हवा, हें माणसानेंच ठरवावयाचें. त्याच प्रमाणग्रंथांतील 'स्ट्रकोल' हें फंक्शन निवडलेल्या भाषेचे नियम पाहून तुलना करितें खरें. परंतु ते नियम जितके शहाणे, तितकेंच तें शहाणें.

क्रमापेक्षांही अवघड प्रश्न समानतेचा. 'दर्या' म्हणजे समुद्र. त्यांत 'या'वर रफार. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. तेथें चंद्रकोरीसारखा अर्धा र. ही चंद्रकोर दोन रीतींनीं लिहितां येते: 'ऱ' हें स्वतंत्र अक्षर घेऊन त्यास हलन्तचिन्ह लावावें, अथवा साध्या र व हलन्तचिन्हापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालावें. पडद्यावर दोन्ही रूपें सारखींच दिसतात. 'स्ट्रकंप'ला तीं निराळीं. एका कारकुनानें 'कऱ्हाडे' हें आडनांव पहिल्या रीतीनें नोंदविलें व दुसऱ्यानें दुसऱ्या रीतीनें शोधिलें, तर उत्तर 'नाहीं'.

यावर अदृश्य चिन्हें सरसकट गाळण्याचा उपाय सुचतो. तो घातक आहे. जोडचिन्ह गेलें कीं दुसऱ्या रीतीच्या 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, आणि सह्याद्रींत हिंडूं निघालेला शोधक थेट अरबी समुद्रांत पडतो. र, हलन्तचिन्ह आणि जोडचिन्ह हें त्रिकुट भेटतांच त्याचें प्रथम 'ऱ' व हलन्तचिन्ह यांत रूपांतर करावें. राहिलेलीं जोडचिन्हें मग खुशाल गाळावीं. 'ॲ'चीही गोष्ट तशीच. २००८ मध्यें युनिकोडनें त्यास स्वतंत्र स्थान दिलें; 'अ'वर चंद्र ठेवून लिहिलेलें जुनें रूप त्याशीं आपोआप जुळत नाहीं, तें जुळवून घ्यावें लागतें.

हीं रूपांतरें तुलना चालूं असतां मधूनमधून करण्यापेक्षां प्रत्येक शब्दाची एक 'किल्ली' आधींच करून ठेवणें सोयीचें: एकरूप केलेल्या अक्षरांस वर्णमालेंतील स्थानाप्रमाणें आंकडे द्यावे, आणि त्या आंकड्यांवर साधें 'स्ट्रकंप' चालवावें. मग पहिला शब्द दुसऱ्याच्या आधीं, दुसरा तिसऱ्याच्या आधीं, पण तिसरा पुन्हां पहिल्याच्या आधीं, असला घोटाळा संभवतच नाहीं. आणि हजारों नांवांची यादी लावतांना प्रत्येक नांवाचें रूपांतर एकदांच करावें लागतें.